जेसीआय सोडून एनएबीएचकडे जातोय, कोणी केलंय का हे?

नाइटवाली_सिस्टर
नमस्कार, मी पुण्यात एका दीडशे बेडच्या हॉस्पिटलला आहे, आधी आयसीयूत होते, गेली चार वर्षं क्वालिटी सेलला. आमचं जेसीआयचं (हॉस्पिटलची गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासून मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था) सर्टिफिकेट पुढच्या वर्षी संपतंय आणि मॅनेजमेंटने ठरवलंय की रिन्यू करायचं नाही, एनएबीएच (तशीच भारतातली मान्यता) करायचं. कारण सरळ आहे, तिकडची फी डॉलरमध्ये, सर्व्हेयरचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा, आणि आमच्याकडे परदेशी पेशंट बोटावर मोजण्याइतके. उलट खडकी-दिघीकडचे रिटायर्ड लोक, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) नाहीतर ईसीएचएसवाले (माजी सैनिकांची), रोज येतात आणि तिथे रेटच एनएबीएच आणि नॉन-एनएबीएच असे दोन आहेत. हे सगळं मला पटतं. पण परवा नाइट राउंडला गेले तर एक नवीन मुलगी फोनवर डॉक्टरांची ऑर्डर घेत होती, लिहून घेतली, परत वाचून दाखवली नाही. विचारलं तर म्हणते, मॅडम आता जेसीआय जाणार ना. पोटात गोळाच आला माझ्या. ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी प्लीज सांगा, मधल्या काळात लोकांच्या सवयी कशा टिकवल्या?

क्वालिटीवाला_कोथरूड
ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी यातूनच गेलोय. पहिलं म्हणजे एनएबीएच हलकं आहे हा समज स्टाफच्या डोक्यातून काढा. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं बोर्ड आहे ते, २००५ पासूनचं. आत्ताची सहावी एडिशन २०२५ ची, १० चॅप्टर, १०० स्टँडर्ड, ६३९ ऑब्जेक्टिव्ह एलिमेंट (तपासायचे मुद्दे), म्हणजे वाचायलाच आठवडा जातो. तोंडी ऑर्डर, दोन आयडेंटिफायर (पेशंट ओळखायला नाव-जन्मतारखेसारख्या दोन खुणा), हाय रिस्क औषधं, ऑपरेशनआधीचा टाइम आउट (सगळ्यांनी थांबून पेशंट आणि ऑपरेशन बरोबर आहे ना ते बघणं), सगळं त्यातही आहे, फक्त जेसीआयमध्ये सहा पेशंट सेफ्टी गोल म्हणून एकत्र पाठ करून घेतात आणि इथे ते वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये विखुरलंय. म्हणून एक मोठी एक्सेल शीट करा, डावीकडे तुमचं आत्ताचं एसओपी (कामाची लेखी पद्धत), उजवीकडे नवीन एलिमेंट, आणि जे उजवीकडे सापडलं नाही ते काढून टाकू नका, ते हॉस्पिटलचा स्वतःचा नियम म्हणून ठेवा. आमची चूक इथेच झाली, ट्रेसर (पेशंटच्या उपचाराचा मागोवा घेत काम नियमाप्रमाणे होतंय का ते तपासणं) बंद केले कारण "आता कोण विचारतंय", आणि सहा महिन्यांत हँड हायजीनचे आकडे खाली आले, ते परत वर आणायला घाम निघाला.

दुसरं, आत्ताच सेल्फ असेसमेंट सुरू करा, जुनं संपेपर्यंत थांबू नका. मध्ये गॅप पडलाच तर त्याच दिवशी लेटरहेड, बोर्ड, डिस्चार्ज कार्ड, सगळीकडचा जेसीआयचा लोगो काढा. आणि मॅनेजमेंटला हेही सांगा की आयुष्मान भारतच्या केंद्राच्या नियमात एनएबीएचच्या एन्ट्री लेव्हलला (पहिली पायरी) पॅकेज रेटवर १० टक्के आणि फुल अ‍ॅक्रेडिटेशनला १५ टक्के जास्त आहेत, म्हणजे एन्ट्री लेव्हलवर अडकून बसू नका.

सिंहगडरोडकर
मी मेडिकलमधला नाही, पण लोगोवरून बोलायलाच पाहिजे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आम्ही एक हॉस्पिटल केवळ दारातला बोर्ड बघून निवडलं, नंतर कळलं की ते सर्टिफिकेट कधीच संपलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण फसवल्यासारखं वाटलं ते वाटलंच. आता मी आधी एनएबीएचच्या वेबसाइटवर लिस्ट बघतो. तिथल्या सिस्टर मात्र खरंच चांगल्या होत्या, प्रत्येक गोळीच्या वेळी नाव आणि जन्मतारीख विचारायच्या, आई वैतागायची, अगं सकाळीच सांगितलं ना. मग शेजारच्या बेडवर तिच्याच आडनावाची बाई आली आणि त्या दिवसापासून आई स्वतःच आधी नाव सांगायला लागली. ताई, तेवढं बंद होऊ देऊ नका.

लॅबमधून
छोटीशी भर. तुमच्या लॅबला एनएबीएल (लॅबची वेगळी मान्यता) असेल तर ते आयएसओ १५१८९ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकावर चालतं, हॉस्पिटलने मान्यता देणारी संस्था बदलली म्हणून लॅबचं जात नाही, आमच्याकडे यावरून उगाच गोंधळ झाला होता. आणि परत वाचून दाखवणं आम्हालाही लागतं. पोटॅशियम ६.८, म्हणजे धोकादायक जास्त, आलंय म्हणून रात्री दोनला मी वॉर्डला फोन करते तेव्हा पलीकडून आकडा परत ऐकल्याशिवाय मी फोन ठेवत नाही, त्या सिस्टरला हे नक्की सांगा.

नाइटवाली_सिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. @लॅबमधून ताई, तुमचं पोटॅशियमचं काल हँडओव्हरला जसंच्या तसं सांगितलं, ती मुलगी काहीच बोलली नाही, पण रात्री मी मुद्दाम थांबले होते, तिने दोन ऑर्डर घेतल्या आणि दोन्ही परत वाचल्या. शीट आजपासून सुरू केलीये, त्यात एक कॉलम वाढवलाय, हे कोणत्या पेशंटसाठी, आणि तो वॉर्डच्या सिस्टरच भरणार आहेत. ट्रेसर चालूच ठेवायचे असं एमएस (मेडिकल सुपरिटेंडेंट) सरांकडून लेखी घेतलंय.