स्नेअरच्या तारा बदलायच्या आहेत: २० घेऊ की ४२?

घोस्टनोट
१४ × ५.५ इंची स्टीलचा स्नेअर (खालच्या बाजूला तारा लावलेला ड्रम) आहे, १० लगचा (हेड ताणणारे रॉड ज्यात बसतात त्या दहा जागा). तारा ड्रमसोबत आलेल्याच आहेत, २० तारांचा सेट. कडेच्या दोन तारा ताणल्या जाऊन लोंबतात. तारांचा ताण बदलणारा नॉब सैल ठेवला की खरखर थांबत नाही आणि खरखर थांबेपर्यंत आवळला की आवाज गुदमरतो. मधली जागाच सापडत नाही. वाजवणं दोन प्रकारचं: ऑर्केस्ट्रात जुनी गाणी, त्यात ब्रशही येतो, आणि नवरात्रात गरबा. ४२ तारांचा सेट घेतला तर आवाज भरीव होईल का? खालचं हेडही (ड्रमवर ताणलेला पडदा) बदलावं का? आणि तारांचा सेट ड्रमला बांधायला दोरी बरी की पट्टी?

रिमशॉट
मधली जागा सापडत नाही याला त्या दोन ताराच कारण आहेत. सेटमधल्या सगळ्या तारा एकाच नॉबने ताणल्या जातात. दोन लांबल्या की त्या हेडला नीट टेकेपर्यंत उरलेल्या १८ गरजेपेक्षा जास्त आवळलेल्या असतात, म्हणून आवाज गुदमरतो. नवीन सेट येईपर्यंत लांबलेल्या दोन्ही तारा बारीक कटरने दोन्ही टोकांना, डाखाच्या (तारा जोडलेल्या सोल्डरच्या) अगदी जवळून कापून टाका. टोक बाहेर राहिलं तर कानशीने घासा, नाहीतर खालच्या हेडला भोक पडेल. १८ तारांवर ड्रम व्यवस्थित वाजतो.

४२ मात्र घेऊ नका. तारा वाढल्या की तारांचा आवाज वाढतो आणि शेलचा (ड्रमच्या गोल सांगाड्याचा) झाकला जातो. फटका रुंद, भुसभुशीत येतो. एकच बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका) जोरात मारायचा असेल तिथे ते चालतं. ब्रशच्या कामात आणि हलक्या घोस्ट नोट्समध्ये बारकावे पुसले जातात. शिवाय सेट इतका रुंद असतो की स्नेअर बेड (तारांसाठी शेलच्या खालच्या काठाला दिलेला उथळ उतार) अरुंद असेल तर कडेच्या तारा हेडला नीट बसतच नाहीत, म्हणजे तुमचा आत्ताचाच त्रास पुन्हा. तुमच्या दोन्ही कामांना २० पुरेसा आहे. स्टीलच्या शेलची खणखण आवडत असेल आणि तारा कमी ऐकू यायला हव्या असतील तर १६ घ्या.

धातूचंही बघा. साध्या कार्बन स्टीलच्या तारा तेज, झणझणीत वाजतात, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यांना गंज धरतो. तिथे स्टेनलेस घ्यावं. पितळी किंवा ब्राँझच्या तारांचा आवाज थोडा मऊ असतो, स्टीलच्या शेलला तो चांगला जुळतो.

पॅराडिडल
वरच्याशी सहमत. आता बसवण्याबद्दल, कारण चांगला सेट वाया जातो तो इथेच.

थ्रो-ऑफचा (तारा हेडला लावणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्रणेचा) खटका पाडा, ड्रम पालथा मऊ कापडावर ठेवा. बट प्लेट (समोरच्या बाजूची स्थिर पकड) आणि थ्रो-ऑफ या दोन्हींचे स्क्रू सैल करून जुना सेट काढा. हेड बदलायचं असेल तर आत्ताच बदला. खालचं हेड म्हणजे स्नेअर साइडचंच. ते साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं असतं, तर वरचं कोटेड सिंगल-प्लाय (लेप दिलेलं, एका थराचं) १० मिलचं. वरचं हेड खाली लावलं की तारा जाग्याच होत नाहीत. हेडवर तारांचे खोल वळ उमटले असतील किंवा सेटच्या टोकाच्या प्लेटपाशी (जिला तारा डाखलेल्या असतात) खळगा पडला असेल तर बदलाच, नवीन तारा जुन्या खळग्यात नीट बसत नाहीत.

नॉब पूर्ण सैल करून मग दोन-तीन फेरे आवळा, म्हणजे पुढे दोन्ही दिशांना वाव राहतो. आधी बट प्लेटची बाजू पक्की करा. सेट हेडवर ठेवताना तारा हेडला लागतील आणि प्लेटची धार हेडपासून सुटी राहील असा ठेवा. ती धार रुतली की ३ मिलचं हेड फाटायला वेळ लागत नाही. दोन्ही प्लेट काठापासून सारख्या अंतरावर आहेत हे मोजपट्टीने बघा, नुसत्या नजरेवर सोडू नका. मग खटका चढवा, थ्रो-ऑफकडची पट्टी हाताने ताठ ओढा आणि त्याच स्थितीत स्क्रू आवळा. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने. एक आधीच घट्ट केला की पट्टी तिरपी होते आणि एका बाजूच्या तारा सैल राहतात.

तपासायला कागदाची अरुंद पट्टी आधी एका कडेच्या तारांखाली सरकवून ओढा, मग दुसऱ्या कडेच्या. दोन्हीकडे सारखाच अडथळा जाणवला पाहिजे.

दोरी की पट्टी? पट्टी. ताण सगळ्या रुंदीवर सारखा बसतो. नायलॉनची दोरी सुरुवातीला ताणत राहते, मग पुन्हा बांधावी लागते. पट्टी विकतच घ्यायला हवी असं नाही. जुन्या ड्रमहेडमधून इंचभर रुंदीची कापली तरी उत्तम चालते. फक्त ती काठावरून वळते तिथे घडी पडू देऊ नका.

लगनट
एक भर. स्नेअर बेडजवळचे चार रॉड (हेड ताणणारे स्क्रू), म्हणजे पट्टी बाहेर पडते तिथले दोन्हीकडचे दोन-दोन, विसरू नका. तिथे शेलचा काठ थोडा खाली उतरलेला असतो, त्यामुळे हेड तिथेच ढिलं पडून सुरकुतते. आधी सगळे दहा रॉड सारखे करा, मग सुरकुती जाईपर्यंत ते चार थोडे जास्त आवळा. खालचं हेड वरच्यापेक्षा चढ्या सुरात ठेवायचं.

टॉम (ड्रमकिटमधला तारांशिवायचा ड्रम) वाजवल्यावर तारा थरथरतात म्हणून काही जण हेच चार रॉड पाव-पाव फेरा सैल करतात. खरखर खरंच कमी होते, पण हलक्या हाताचा प्रतिसादही जातो, त्यामुळे ब्रश वाजवणाऱ्याने हा शेवटचा उपाय समजावा. आधी त्या टॉमचा सूर थोडा हलवून बघा. बहुतेक वेळा टॉमचा आणि स्नेअरच्या एखाद्या हेडचा सूर जवळ आलेला असतो, तो दूर केला की थरथर बरीच कमी होते. पूर्ण कधीच जात नाही, आणि जायलाही नको.

घोस्टनोट
दोन तारा कापल्या, गुदमरणं बरंच कमी झालं. पण खटका पाडला तरी तारा एका बाजूने हेडला टेकूनच राहतात. थ्रो-ऑफ खराब झालाय का? आणि बेड ठीक आहे की नाही हे कसं बघायचं?

पॅराडिडल
थ्रो-ऑफ बदलायची घाई नको. खटका पाडलेला असतानाच पट्टी ताणून स्क्रू आवळले असतील, किंवा नॉब शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर खटका पाडूनही तारा खाली यायला जागा उरत नाही. नॉब सैल करा, खटका चढवा, पट्टी त्याच स्थितीत पुन्हा बसवा. खालच्या हूपच्या (हेड दाबून धरणाऱ्या कड्याच्या) खाचेत पट्टी घासत नाही ना, तेही बघा. हूप थोडा फिरलेला असेल तर पट्टी एका कडेला अडकते आणि तीच बाजू टेकलेली राहते.

लगनट
बेडसाठी: दोन्ही हेड काढा आणि शेलची खालची कड सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवा. खोलीत अंधार करून आत टॉर्च सोडा. उजेड फक्त समोरासमोरच्या दोन जागी, लांबट पट्टीसारखा झिरपला पाहिजे, मध्ये जास्त आणि दोन्हीकडे हळूहळू मिटत जाणारा. तिसऱ्या जागी उजेड दिसला तर शेल वाकलेला असू शकतो. बेडच्या उजेडाची रुंदी मोजून ठेवा. नवीन सेट त्याहून रुंद नको.