दगडावर दगड धरतो, त्याला मराठीत काय म्हणायचं?

गारगोटी, परभणी
मंडळी, एका शाळेच्या खनिज प्रदर्शनाच्या पाट्या मराठीत करायलोय, एका पाटीवर गाडी अडकली. नमुना ब्राझीलचा आहे. काळ्या चकचकीत हेमाटाइटच्या चपट्या स्फटिकावर रुटाइलच्या सोनेरी काड्या सहा दिशांना फुटल्यात, चांदणीसारख्या. मी लिहिलं 'हेमाटाइटवर रुटाइलचा थर'. तपासणाऱ्या बाईंनी 'थर' खोडून 'पापुद्रा' केलं. मला दोन्ही पटेना. थर गाळाचा बसतो, पापुद्रा सोलून निघतो. इथं तर वरचं खनिज खालच्याच्या अणूंची रांग धरून वाढतं, म्हणून काड्या बरोबर साठ साठ अंशांवर पडतात. शास्त्रातला शब्द एपिटॅक्सी, पण सातवीतल्या पोराला तो देऊन काय उपयोग? शब्द सुचवा.

सुलभा, माजलगाव
आमच्या बोअरचं पाणी तापवलं की हंड्याला आतून पांढरं चढतं, आई म्हणायची 'हंड्यानं खार धरला'. शेवाळ धरतं, बुरशी धरते, झाडाला फळ धरतं. मग 'हेमाटाइटवर धरलेलं रुटाइल' लिहा की, पोरांना लगेच कळंल.

शब्दनिष्ठ, संभाजीनगर
बोलीतला शब्द गोड असला तरी शास्त्राच्या पाटीवर शास्त्राचा शब्द हवा. 'अधिवृद्धी' करा. अधि म्हणजे वर, वृद्धी म्हणजे वाढ, अर्थ स्वच्छ. आणि मला तर एपिटॅक्सीतला ग्रीक टॅक्सिस हा आपल्या 'तक्ष्' धातूचाच भाऊ वाटतो, तक्ष् म्हणजे तासणं, घडवणं. म्हणजे शब्द मुळात आपलाच.

ओवी, अंबाजोगाई
तक्ष्चा ग्रीक भाऊ 'तेक्तोन', म्हणजे सुतार. टॅक्सिस वेगळा, त्याचा अर्थ मांडणी, सैन्याची रांग लावतात तसली. एपि म्हणजे वर. १९२८ साली लुई रॉये या फ्रेंच खनिजतज्ज्ञानं दोन्ही जोडून हा शब्द केला. 'अधिवृद्धी'त वाढ आली पण रांग गेली, आणि रांगच तर या शब्दाचा जीव आहे.

दगडवेडा, अजिंठा
सुलभाताई, तुमचं 'धरणं' मला आवडलं पण त्यात हंड्याचा खारही येतो आणि ही चांदणीही येते, दोन्ही एक नाहीत. आपल्या काळ्या पाषाणात खाणीत पोकळी फुटली ना, की बघा, लाव्हा थिजताना राहिलेले वायूचे बुडबुडे ते, साडेसहा कोटी वर्षांमागचे. पोकळीच्या भिंतीला हिरवट सेलाडोनाइट, त्यावर कॅल्सेडनीचं कवच, मग ह्युलँडाइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट, मधेच कॅल्साइट. सगळे एकावर एक बसलेले, पण बहुतेक वेळा वरच्याचं तोंड कुठंही, खालच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला 'पुट चढलं' म्हणा, 'लेप' म्हणा, चालतंय. एपिटॅक्सी म्हणजे वरच्यानं खालच्याचं वळण घेतलं पाहिजे.

शब्दनिष्ठ, संभाजीनगर
'पुट' चुकीचं. पुट म्हणजे भट्टीत दिलेली आच, शतपुटी अभ्रक भस्म ऐकलं असेल. रंगाचं पुट हा नंतर रूढ झालेला अपभ्रष्ट वापर.

दगडवेडा, अजिंठा
रूढ झाला म्हणजे शब्द झाला. आमच्या गावात भिंतीला चुन्याचं पुटच देतात, भट्टी कुणी आणत नाही.

रोपवाटिका, जालना
मी दगडातला नाही, मोसंबीतला आहे, पण वाचता वाचता वाटलं हे तर आमचंच काम चाललंय. जंबेरीच्या खुंटावर आम्ही मोसंबीचा डोळा भरतो, खुंटाच्या सालीला उभी आडवी चीर देऊन डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची, आतली हिरवी साल सालीला भिडली तर डोळा लागतो नाहीतर काळा पडून जातो. जंबेरीवर मोसंबी लागते कारण दोघी एका गणगोतातल्या, त्याच खुंटावर आंब्याचा डोळा जन्मात लागणार नाही. तुमचं खालचं खनिज म्हणजे खुंट, वरचं म्हणजे डोळा. 'स्फटिकाचं कलम' म्हणा.

ओवी, अंबाजोगाई
दादा, फार नेमकं बोललात. गणगोताचं मापच आहे तिथं, रॉयेनंच सांगितलं होतं की दोघांच्या अणूंच्या जाळीतल्या अंतरांत साधारण १५ टक्क्यांच्या आत फरक असला तरच जमतं. अभ्रकाच्या ताज्या पापुद्र्यावर पोटॅशियम आयोडाइडचं पाणी सुकवलं की बारीक त्रिकोण उठतात, सगळे अभ्रकाच्या जाळीच्या दिशा धरून. 'खुंट' तर मी आजपासून वापरणार.

शब्दनिष्ठ, संभाजीनगर
कलम माणूस करतो. निसर्गात आपोआप होणाऱ्या गोष्टीला कलम कसं म्हणता? आणि कलम हा शब्द मुळात अरबी.

दगडवेडा, अजिंठा
माणसानं केलेल्याचीही जुनी नोंद आहे की, १८३६ ला फ्रांकेनहाइम नावाच्या शास्त्रज्ञानं कॅल्साइटवर सोडियम नायट्रेट वाढवलं होतं. एलईडी दिव्यात नीलमाच्या चकतीवर गॅलियम नायट्राइड चढवतात तेही माणसाचंच काम. अरबी असला तर असू द्या, मोसंबी तरी कुठं इथली.

पावसाळी, लातूर
एक राहिलं. कृत्रिम पावसासाठी २०१५ ला न् २०१९ ला संभाजीनगरहून विमानं उडाली होती, आठवतंय ना. या तंत्रात थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडतात ते याच कारणानं, त्याची जाळी न् बर्फाची जाळी यांत दीडेक टक्क्याचा फरक, म्हणून बर्फ त्याच्यावर धरतो. १९४६ ला व्हॉनेगट नावाच्या शास्त्रज्ञानं ते शोधलं. म्हणजे ढगातही डोळा भरणंच झालं की.

सुलभा, माजलगाव
त्या वर्षी आमच्याकडं विमान दिसलं, पाऊस नाही दिसला.

पावसाळी, लातूर
ताई, ढगच नसतील तर डोळा कुठून आणायचा. आणि कमी उंचीच्या उबदार ढगांत मिठाचे कण टाकतात, तिथं बर्फाचा संबंध नाही, पाणी मिठाकडं ओढलं जातं.

गारगोटी, परभणी
पाट्या शुक्रवारी छापायला जाणारेत. 'हेमाटाइटच्या खुंटावर धरलेलं रुटाइल' असं लिहू का? शब्दनिष्ठ काका, तुमची हरकत समजली, पण अधिवृद्धी लिहिलं तर पोरं पाटी सोडून पुढं जातील हो.

शब्दनिष्ठ, संभाजीनगर
खुंट म्हणजे जनावर बांधायचा खांब. पोरं तेच समजतील.

सुलभा, माजलगाव
जनावर बांधायचा तो खुंटा. आमच्याकडं खुंट म्हणजे तोडलेल्या झाडाचा बुडखा, फांदी फुटती ना परत, तो.

रोपवाटिका, जालना
आमच्याकडं बुडखा वेगळा, खुंट वेगळा. बुडख्याला आपोआप फुटवा येतो, खुंटावर दुसऱ्या झाडाचा डोळा बसवावा लागतो. बीडकडं काय म्हणतात कुणी सांगंल का?

ओवी, अंबाजोगाई
आमच्या आजोळी धारूरला सीताफळाच्या बागेत 'खुट' म्हणतात, अनुस्वार नाही. आजीला विचारून उद्या लिहिते.