मे महिन्यात पुण्याजवळ फुलं बघायला कुठं न्यावं? (आईला चढ जमत नाही)

कोथरूडची_मीरा
नमस्कार मंडळी. आई मे महिनाभर माझ्याकडे आहे. तिला झाडाफुलांचं भारी वेड, पण गुडघ्यांमुळे चढ-उतार बंद. सोबत माझी आठ वर्षांची लेक असेल, ती सुट्टीत घरी बसून वैतागलीय. गाडी नाही, रिक्षा किंवा बस. सकाळी निघून जेवायच्या वेळेला घरी, असं काही सुचवा. शेजारच्या काकू म्हणतात कासला जा. आत्ता असतं का तिथं काही?

सडाफटिंग
कास आत्ता अजिबात नको. तिथल्या कातळावर मातीचा जेमतेम थर आहे, पाऊस पिऊनच तो फुलतो. बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. मे महिन्यात नुसता जांभा आणि डोक्यावर ऊन.

उन्हाळ्यात फुलं पायाशी शोधायचीच नाहीत, मान वर करायची. पळस, पांगारा, काटेसावर यांचं मार्चपर्यंत उरकलं. आता पाळी बहावा, ताम्हण, गुलमोहर आणि पीतमोहराची. ही सगळी शहरात रस्त्याकडेला आहेत, त्यासाठी घाट ओलांडायची गरज नाही.

पेठेतला_पक्षी
सडाफटिंग यांना अनुमोदन. मीराताई, पहिला नंबर एम्प्रेस गार्डनचा. रेसकोर्सजवळ, साधारण ३९ एकर, जुने वृक्ष, सपाट वाटा, सावली भरपूर. आई थकल्या की बसवता येतं. रविवार मात्र टाळा, डबे घेऊन सगळं पुणं तिथंच असतं.

दुसरं, सकाळी सातच्या आत प्रभात रोडच्या गल्ल्यांतून नुसतं हिंडा. तिकीट नाही, चढ नाही. परतताना इडली.

भुंगा
बहावा सापडला की लेकीला एक काम द्या. फांदी हाताशी असेल तर एकच फूल नीट बघायला सांगा. पाच पिवळ्या पाकळ्या, दहा पुंकेसर, त्यातले तीन लांब आणि गळासारखे वाकलेले. मग काळा भुंगा येईपर्यंत थांबायचं. तो फुलाला लटकून घूं घूं करत ते थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. आवाज स्पष्ट ऐकू येतो. माझा भाचा हे बघायला अर्धा तास हलला नव्हता, एरवी त्याला दोन मिनिटं बसवत नाही.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो म्हणतात. वेधशाळेची नोकरी त्यावर सोडू नका.

देशीवृक्षवाला
गुलमोहर मुळात मादागास्करचा. बघायचाच तर आपला ताम्हण बघा, महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. चुरगळलेल्या जांभळ्या कागदासारख्या पाकळ्या. दरवेळी परदेशी झाडांचंच कौतुक का?

पेठेतला_पक्षी
दादा, ताम्हण बघाच. पण भर उन्हात उभं असताना गुलमोहराखाली पासपोर्ट कोण विचारतं?

कोथरूडची_मीरा
हाहा. वेताळ टेकडीचं काय? आईला एकदा वर जायचंय.

टेकडीवाले_काका
बाळ, पायथ्यापासून चढवू नकोस. एआरएआयच्या (टेकडीवरची वाहन संशोधन संस्था) रस्त्यानं रिक्षा वरपर्यंत जाते, पुढची वाट बरीचशी सपाट. वनखात्याच्या फाटकाच्या वेळा आधी विचारून घे आणि परतीची रिक्षा ठरवून ठेव, वर मिळत नाही. सूर्य उगवताना पोचायचं, आठला खाली. गवत वाळून कोळ झालंय. गिरिपुष्पाची झाडं बरीच आहेत, पण त्यांची गुलाबी फुलं आता संपली. तरी मोर ओरडतात, आणि उजाडताना शहर खाली पसरलेलं दिसतं. वळवाचा पाऊस पडला तर दोन दिवसांनी परत जा, मातीतले कंद जागे व्हायला लागतात.

भटकी_जमात
भंडारदऱ्याला काजवे! मेअखेर ते जूनची सुरुवात. एकदम भारी!!

सडाफटिंग
तिला जेवायला घरी यायचंय हो. शिवाय तिथं काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त झालेत. काजवे उजेडानंच जोडीदार हुडकतात, त्यांच्यावर टॉर्च मारायचे म्हणजे अतिच.

एखाद्या दिवशी जेवण बाहेर चालणार असेल तर कुणाची तरी गाडी घेऊन मुळशीच्या पुढं ताम्हिणीकडे जा. कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला असतो. झाडांच्या खोडांवर नजर ठेवा, सीतेची वेणी दिसेल. ऑर्किडच आहे, गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लोंबता शेपटा. तोडू नका आणि कुणाला तोडू देऊ नका. गाडीतून उतरलं की दिसेल इतकंच बघा, दरीत उतरायचं नाही.

कोथरूडची_मीरा
भावाची गाडी मिळेल बहुतेक. वाटेत खायला?

टेकडीवाले_काका
डबा ने. आणि पानाच्या द्रोणात करवंदं विकायला बसलेल्या बायका दिसल्या की थांब. काळीभोर बघून घे, अर्धी कच्ची असली तर चीक ओठांना चिकटतो. भाव करू नकोस, काट्यांत हात घालून तोडलेली असतात ती.