सामूहिक परसबागेतला उघडा वर्ग : खांब पुरावेत का?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीतील सामूहिक परसबागेत आठवीची मुले स्वतः आराखडा काढून उघडा वर्ग बांधत आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांची बैठक तयार आहे. मात्र छपरासाठी माणगा जातीच्या बांबूचे खांब थेट जमिनीत पुरावेत, असा मुलांचा आग्रह आहे. ते टिकतील का?

पहिले उत्तर : पुरलेला बांबू वाळवीच्या तोंडी जातो, हे कोकणात वेगळे सांगायला नको. खांब जोत्यावर उभे करावेत. माणगा भरीव असल्यामुळे आत सळई घालण्यापेक्षा तो लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून बोल्ट मारणे बरे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवल्यास कीड लागत नाही, पण हे क्षार पावसात धुऊन जातात, म्हणून पागोळ्या खांबांपासून दूर पडतील इतके छप्पर बाहेर काढावे.

दुसरे उत्तर : फळा उत्तरेला ठेवा. पूर्वेला ठेवलात तर सकाळी मुलांच्या डोळ्यांवर ऊन येईल.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. काल मुलांनी काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आणि पूर्वेचा फळा आराखड्यातून स्वतःच खोडला. खांबांचे मात्र त्यांना अजून पटलेले नाही. एक तुकडा पुरून पाहणार आहेत.