‘ग्यानबाची मेख’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: पॉलिसीच्या अटी वाचताना ‘इथेच खरी ग्यानबाची मेख आहे’ म्हणतात. म्हणजे फसवणूक का?

प्रतिसाद १: नाही हो. मेख म्हणजे खुंटी. साध्या दिसणाऱ्या मजकुरात दडलेली खोच. लिहिलेली असते, पण नजरेतून सुटते.

प्रतिसाद २: समजा, ५ लाखांचा आरोग्यविमा आहे, खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. १०,००० ची खोली घेतली तर भाड्यातला फरकच भरायचा असं वाटतं. मेख अशी की, बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच मिळतो. औषधांना ही कात्री लागत नाही.

प्रतिसाद ३: ‘मेख मारणे’ मात्र वेगळं बरं का. ते मुद्दाम खोडा घालणं: ‘करार होत आला आणि त्यानं मेख मारली.’