भिंत बांधली तरी आतल्या पाण्याचे काय?
वरच्या प्रतिसादात मुंबईला समुद्राच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी कुलाबा ते वरळी उंच समुद्रभिंत सुचवली आहे. लाटा थोपवण्यापुरते ते पटते. पण मध्य मुंबईत तुंबणारे पाणी मुख्यतः पावसाचे असते. भरती साडेचार मीटरच्या आसपास गेली की पर्जन्यजलवाहिन्यांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जातात आणि सगळी भिस्त पाणी उपसून समुद्रात टाकणाऱ्या लव्हग्रोव्ह, ब्रिटानियासारख्या उदंचन केंद्रांच्या पंपांवर राहते. दादरजवळचा हिंदमाता परिसर तर बशीसारखा खोलगट. पाऊस ओसरल्यावरही गटाराच्या जाळीतून काळपट पाणी बुडबुडत वर येताना मी तिथे पाहिले आहे. म्हणूनच ते पाणी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखालील टाकीत साठवून ओहोटीला सोडण्याची सोय करावी लागली. (उद्यानाखाली जागा मिळाली, हे नशीबच.) भिंतीआड अशा टाक्यांना जागा कुठे काढणार, हे आधी ठरायला हवे.