डॅनिश राजकन्या म्हणजे पटावरची प्यादी? काहीही!

बारा_गावचं_पाणी: काल एका महाशयांनी ठोकून दिलं की डेन्मार्कचा नववा क्रिश्चन 'युरोपचा सासरा' झाला तो मुली खपवून, आणि त्या पोरी म्हणजे नुसती प्यादी. तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

1863 च्या मार्चमध्ये अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला दिली, तेव्हा बाप राजाही नव्हता. पोरी आपले कपडे आपणच शिवायच्या. स्थळं बघितली ती आईने, लुईजने. पुढच्याच वर्षी प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातलं श्लेस्विग-होल्स्टाइन गिळलं. सख्खी नणंद प्रशियाची युवराज्ञी, तरी अलेक्झांड्राने तो राग जन्मभर धरला. 1890 मध्ये हेलिगोलँड हे ब्रिटिशांचं बेट जर्मनीला द्यायलाही तिचा विरोध होता. प्यादी असं करतात?

नाठाळ: राग धरला, बरं. पुढे? 1864 मध्ये ब्रिटनने डेन्मार्कसाठी एक तरी जहाज पाठवलं का? सून त्यांचीच ना? पंतप्रधान पामर्स्टन बोलबोल बोलले आणि गप्प बसले. हेलिगोलँडही गेलंच. आणि धाकटी डागमार? ठरलेला नवरा, रशियाचा युवराज, 1865 मध्ये नीसला वारला, तर पुढच्या वर्षी त्याच्याच भावाच्या गळ्यात माळ. प्यादं नाही तर काय वजीर?

काळी_मांजर: तिचं नावही गेलं, ते कुणी बोलत नाही. रशियात मधलं नाव बापाचं; हिचा बाप क्रिश्चन, आणि ही झाली मारिया फ्योदोरोव्ना! रोमानोव्हांच्या, म्हणजे रशियाच्या राजघराण्याच्या, लाडक्या फ्योदोरोव्ह मातेच्या (मेरीच्या) पवित्र चित्रावरून. माझ्या मावशीचं नवं नाव असंच ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. पेन्शनच्या वेळी 'त्या दोघी मीच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं तिला.

उंबरठा: झालं सुरू! माझ्या आईने नवं नाव हौसेने घेतलं, आजही त्याच नावाला ओ देते. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचा चष्मा काढा जरा.

काळी_मांजर: हौसेने? तिला विचारलं होतं कुणी? की सासूबाईंनी यादी पुढे केली?

उंबरठा: माझ्या आईपर्यंत जायचं काम नाही.

बारा_गावचं_पाणी: अहो, धागा! डागमारचा संसार रोमानोव्हांत अपवाद म्हणावा इतका सुखाचा झाला. सासऱ्याचं दुसरं बिऱ्हाड होतं, नवऱ्याची एक भानगड नाही. आणि 1919 मध्ये क्रिमियातून न्यायला ब्रिटिशांची युद्धनौका 'मार्लबरो' आली, तेव्हा बाई अडून बसली: बाकीच्या लोकांनाही न्या, तरच चढते. सत्तरी ओलांडलेली, राज्य गेलेलं. हे प्यादं बरं का, नाठाळराव.

नाठाळ: बरं बाबा, सासरा बिनकामाचा, सासूबाई आणि लेकी कर्तबगार. लिहून देऊ? पण रशिया-फ्रान्स युतीचं श्रेय त्यांच्या पदरात टाकायला येऊ नका. 1890 मध्ये जर्मनीने रशियाशी असलेला करार पुढे चालवला नाही, म्हणून ती झाली.

बारा_गावचं_पाणी: युतीचं नाव मी काढलंच नव्हतं.

नाठाळ: काढणार होतात.

काळी_मांजर: 2006 मध्ये डागमारला डेन्मार्कच्या रॉस्किल्डहून उचलून पीटर्सबर्गला नवऱ्याशेजारी पुरलं. थडग्यावर नाव कुठलं? मारियाच.

उंबरठा: तिचीच इच्छा होती ती!

काळी_मांजर: शेजारी निजायची. नावाची कुठे होती?

उंबरठा: मावशीसाठी वेगळा धागा काढा.

काळी_मांजर: काढतेच. तुमच्या आईंना आमंत्रण.